नवं, अनुवादित, पुन्हा छापलेलं: चांगल्या पुस्तकाचा माग कसा काढावा

आमच्या वाचनालयाच्या टेबलावर दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, "बाई, नवीन काय आलंय?" मी लगेच कपाटाकडे बोट दाखवत नाही. आधी विचारते, रात्री जागून संपवलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? माणूस जरा थांबतो, एक नाव सांगतो आणि तिथून आमचं काम सुरू होतं. मनापासून आवडलेल्या पुस्तकातच पुढच्या चार पुस्तकांचे पत्ते असतात. ते कुठे बघायचे एवढंच ठाऊक हवं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. इथल्या दुकानांत गाईडं, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, पोथ्या आणि दिवाळीच्या सुमारास दोन-चार दिवाळी अंक मिळतात. कादंबरी हवी असेल तर परभणी, नांदेड, नाहीतर थेट संभाजीनगरचा औरंगपुरा गाठायचा. दुकानात सहज हिंडता हिंडता एखादं पुस्तक हाती लागावं, हे सुख किनवट, भूम, पाथरी, औंढ्याच्या वाचकाच्या वाट्याला फारसं येत नाही. म्हणून आपल्याला माग काढायची सवय लावून घ्यावी लागते. ती ज्याला लागली त्याचं वाचन पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा उणं राहत नाही, हे मी रोज बघते.

बारीक टायपाचं पान

शीर्षकाचं पान उलटलं की त्याच्या पाठीवर बारीक टायपात मजकूर असतो. प्रकाशक, मुद्रक, हक्क, आवृत्ती, किंमत. बहुतेक वाचक तो ओलांडून सरळ पहिल्या प्रकरणावर जातात. मला मात्र पुस्तक दाखल नोंदवहीत चढवताना तेच पान आधी उघडावं लागतं, आणि पुस्तकाबद्दल सगळ्यात खरं तेच पान बोलतं अशी माझी खात्री झाली आहे. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ ही पुस्तक विकायला बसलेली असतात. शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना वरच्या कणसाच्या चित्रावर जात नाही, शिवणीत अडकवलेली चिठ्ठी वाचतो. हे पान म्हणजे पुस्तकाची ती चिठ्ठी.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' घ्या. बोराडे सर लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. कादंबरी पहिल्यांदा आली 1971 साली. अशा पुस्तकाच्या त्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल आणि त्याखाली पुढच्या छपाईची सालं दिसली, तर एवढं कळतं की पन्नास वर्षांनंतरही कुणीतरी हे पुस्तक मागतंय. जाहिरात एका हंगामापुरती चालते. पिढी बदलली तरी पुस्तक छापावं लागतं, ते वाचकांनी मागितलं म्हणून.

'पुनर्मुद्रण' असेल तर मजकूर सहसा जसाच्या तसा असतो. 'सुधारित आवृत्ती' असेल तर लेखकाने किंवा संपादकाने त्यात हात घातलेला असतो, मग नवी प्रस्तावना आधी वाचा, काय बदललं ते तिथे सांगितलेलं असतं. वैचारिक आणि इतिहासाच्या पुस्तकांत सुधारित आवृत्तीच घ्यावी. कथा-कादंबरीत मी जुनी प्रतही चालवून घेते. त्याच पानावरचा आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, वहीत उतरवून ठेवा. एकाच नावाची तीन पुस्तकं बाजारात असतात आणि फोनवरून मागवताना नेमकी हवी ती प्रत त्याच क्रमांकाने मिळते.

शेवटची पानंही सोडू नका. प्रकाशकाने तिथे आपल्या इतर पुस्तकांची यादी दिलेली असते. मराठीत बऱ्याच प्रकाशकांचा एक ठरलेला स्वभाव आहे. एका प्रकाशकाची दोन पुस्तकं तुम्हाला भावली असतील तर तिसरं डोळे झाकून उचलायला हरकत नाही.

अनुवादकाचं नाव पाठ करा

आमच्याकडे एक निवृत्त तलाठी येतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी एस. एल. भैरप्पांची 'पर्व' नेली. महाभारतातली माणसं चमत्कार बाजूला ठेवून उभी केलेली ती जाडजूड कन्नड कादंबरी, मराठीत उमा कुलकर्णींनी आणलेली. अण्णांनी मुदत वाढवून घेत ती संपवली. परत करताना म्हणाले, "बाई, ह्या उमाबाईंचं अजून काही असंल तर काढून ठेवा." त्यांनी भैरप्पांचं नाव घेतलं नाही. अनुवादकाच्या नावाने पुस्तक मागणारा वाचक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याला गुरुकिल्ली सापडलेली असते. अण्णांना मग 'वंशवृक्ष' दिलं, मग शिवराम कारंतांकडे वळवलं. एका नावाच्या आधाराने त्यांनी कन्नड साहित्याचा बराच मुलूख फिरून घेतला. उमाबाईंनी आपल्या या कामाबद्दल 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन लिहिलंय. अनुवादाची आवड लागलेल्याने ते वाचावंच. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी उलट्या दिशेने, मराठीतून कन्नडात, पुस्तकं नेत आले.

लेखक परका असतो, त्याची भाषा आपल्याला येत नाही. आपल्या हातात जे वाक्य येतं ते अनुवादकाचं असतं. म्हणून विश्वास ठेवायचा तो त्या नावावर. राम पटवर्धनांनी मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीची 'पाडस' केली, शान्ता शेळके यांनी लुइझा मे अल्कॉटची 'चौघीजणी' केली, जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा नावांनी आणल्या. पटवर्धन 'सत्यकथा' मासिकाचे संपादक, शान्ताबाई कवयित्री, जी.ए. तर मोठे कथाकार. आपल्या भाषेवर हुकूमत असलेला माणूस दुसऱ्याच्या पुस्तकासाठी राबतो, तेव्हा त्या पुस्तकात काहीतरी असणारच, असा माझा हिशेब. तुमच्या आवडत्या मराठी लेखकाने काय अनुवाद केलंय हे एकदा शोधून बघा. साने गुरुजी म्हटलं की लोकांना एकच पुस्तक आठवतं. त्यांनी तमिळ 'कुरल' आणि टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

अनोळखी अनुवादकाचं पुस्तक हाती आलं तर पहिलं पान वाचून ठरवू नका. पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात. पुस्तक मधोमध उघडा, दोन माणसं बोलतायत अशी जागा शोधा आणि अर्धं पान ओठ हलवत वाचा. सासू सुनेशी बोलतेय, सावकार कुळाशी बोलतोय, आणि दोघांची मराठी सरकारी परिपत्रकासारखी लागत असेल तर पुस्तक खाली ठेवा. 'त्याच्याकडून सांगितले गेले', 'हे एक असे घर होते की जे', अशी वाक्यं एका पानावर तीन-चारदा आली तर पुढची चारशे पानं तशीच जाणार. कोण कुणाला अरे-तुरे करतो आणि कुणाला अहो-जाहो, हे अनुवादकाने नीट बसवलंय का तेही बघा. माझा अनुभव असा, की नात्यांची संबोधनं जिथे चुकतात तिथे बाकीचंही चुकलेलं असतं.

मग पुन्हा ते बारीक टायपाचं पान. मूळ शीर्षक, मूळ भाषा आणि मूळ हक्कदार यांचा उल्लेख असायला हवा. रशियन किंवा जपानी पुस्तक असेल तर अनुवाद थेट त्या भाषेतून झालाय की इंग्रजीवरून, ते मनोगतात सापडतं. इंग्रजीवरून झालेला अनुवाद वाईटच असतो असं नाही, पण तसं प्रामाणिकपणे सांगितलेलं असावं. 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असा शब्द छापलेला असला तर तुम्हाला पूर्ण पुस्तक मिळत नाहीये, हे समजून मग घ्या. मूळ शीर्षक कुठेच दिलेलं नसेल तर मी ते पुस्तक खरेदीच्या यादीत घालत नाही.

आणखी एक. जगप्रसिद्ध जुन्या पुस्तकांचे अनुवाद घेताना जास्त सावध राहा. ज्यांच्यावर आता कुणाचाच हक्क नाही अशी पुस्तकं कुणीही अनुवाद करून छापू शकतो, त्यामुळे एकाच कादंबरीचे चार-पाच अनुवाद एका वेळी बाजारात दिसतात. तिथे किंमत आणि मुखपृष्ठ बाजूला ठेवून दोन अनुवादांतला एकच परिच्छेद समोरासमोर वाचावा. फरक पहिल्या चार ओळींत कळतो.

शेजारच्या भाषा आधी

मराठवाड्याच्या वाचकाने अनुवादाची सुरुवात शेजारापासून करावी असं मला मनापासून वाटतं. उदगीर, देगलूर, निलंग्याच्या बाजाराला कन्नड आणि तेलुगू कानावर पडते. उर्दू तर आपल्या घरातच होती. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चालत, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसं हिशेब मराठीत आणि अर्ज उर्दूत लिहीत. वली आणि सिराज हे दोन मोठे शायर औरंगाबादचे. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे. उर्दू-फारसीतलं केवढं तरी धन त्या माणसाने मराठीत आणलं. त्यांचं 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र जुन्या वाचनालयांत हमखास सापडतं. अशा पुस्तकांतली गावं, मोसम, जमिनीचे तंटे, लग्नातली भांडणं आपल्याला समजावून सांगावी लागत नाहीत.

शेजारच्या भाषेत काय चांगलं चाललंय हे आपल्याला कळणार कसं? साहित्य अकादमीची पुरस्कारांची यादी हा साधा मार्ग. अकादमी 24 भाषांतल्या पुस्तकांना पुरस्कार देते आणि 1989पासून अनुवादांसाठी वेगळा पुरस्कारही देते. आपण वर्तमानपत्रात फक्त मराठीचं नाव बघून पान उलटतो. तसं न करता कन्नड, तेलुगू, उर्दू, गुजराती, हिंदी यांच्या ओळीही उतरवून घ्या. दोन-तीन वर्षांनी त्यातलं एखादं मराठीत आलेलं असतं आणि ते आलंय हे तुम्हाला चटकन ओळखू येतं. अकादमी स्वतः अशा पुस्तकांचे मराठी अनुवाद काढते, नॅशनल बुक ट्रस्टची 'आदान-प्रदान' मालाही याच कामासाठी आहे. दोन्हींची पुस्तकं स्वस्त असतात, दिसायला साधी असतात आणि त्या साधेपणामुळेच कपाटात धूळ खात पडतात. मुलांसाठी घ्यायचं असेल तर ट्रस्टचं 'तोत्तोचान' पहिलं घ्या, चेतना सरदेशमुख गोसावींचा अनुवाद. शिक्षकांनी तर स्वतःसाठीच घ्यावं.

जुन्या वाचनालयाचे सभासद असाल तर सोव्हिएत काळातली मराठी पुस्तकं आवर्जून शोधा. रादुगा, प्रगती अशी प्रकाशनांची नावं, जाड कागद, रंगीत चित्रं. अनिल हवालदारांनी अनुवाद केलेल्या 'देनिसच्या गोष्टी' आमच्याकडे आहेत. बांधणी सुटलीय, कोपरे गेलेत, तरी सुट्टीत ती कपाटात राहत नाही.

पुन्हा छापलेली पुस्तकं

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तक बाजारातून गायब होतं याचा अर्थ ते कमअस्सल असतं असा नाही. प्रकाशक थकतो, वारसांत एकमत होत नाही, लेखकाला पुढाकार घेणारं कुणी नसतं. आपल्या भागातल्या लेखकांच्या बाबतीत तर हे फार झालं. परभणीचे बी. रघुनाथ 1953च्या 7 सप्टेंबरला गेले, अवघ्या चाळिशीत. कविता, कथा, कादंबऱ्या असं सगळं लिहून गेले. आमच्या जिल्ह्यात त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, पण त्यांची कादंबरी वाचलेला माणूस शोधावा लागतो. 'आडगावचे चौधरी' मी तरुण सभासदांना स्वतःहून हातात देते. निजामकाळातला मराठवाडा आतून बघायचा असेल तर याच वाटेने जावं लागतं.

इथे कायद्याची एक गोष्ट कामी येते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. त्यानंतर ते सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 2011पासून मोकळं झालं. बी. रघुनाथांचं 2014पासून. लेखन मोकळं झालं की दोन गोष्टी घडतात. ते इंटरनेटवर विकिस्रोतासारख्या ठिकाणी फुकट वाचायला मिळू लागतं, आणि अनेक प्रकाशक ते छापू लागतात. पहिली गोष्ट निखळ आनंदाची. दुसरीत निवड करावी लागते.

निवड कशी करायची ते एका उदाहरणाने सांगते. एका जुन्या कादंबरीची नवी छपाई आमच्याकडे आली. नाव सांगत नाही. मुखपृष्ठ देखणं, कागद पांढरा. कपाटात तिची साठ-सत्तर वर्षांपूर्वीची प्रत होतीच. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. जुन्या प्रतीत लेखकाची प्रस्तावना होती, नवीत नव्हती. जुनीत प्रत्येक प्रकरणाला वर दोन ओळींचा मथळा होता, नवीत नुसते आकडे. जुनीत शेवटी अवघड शब्दांचे अर्थ दिलेले, नवीत ती पानंच गेलेली. बोलीतले उच्चार जागोजाग पुस्तकी करून टाकलेले, 'व्हतं'चं 'होतं', 'म्या'चं 'मी'. पुस्तक तेच, पण त्यातली माणसं मुकी झाली. तेव्हापासून नवी छपाई आली की मी ठरावीक गोष्टी बघते. मूळ प्रस्तावना आहे का, पहिल्या आवृत्तीचं साल छापलंय का, प्रकरणांची संख्या जुळते का, शेवटचं वाक्य तेच आहे का. आणि कुणी संपादन केलं असेल तर त्याचं नाव आणि त्याने काय केलं याचा खुलासा आहे का. खुलासा असलेली आवृत्ती दहा-वीस रुपये महाग असली तरी तीच घ्या.

चांगली कामंही खूप होतायत. विचारवंत आणि समीक्षक नरहर कुरुंदकर 1982 साली गेले, पण 'जागर' आणि 'शिवरात्र' मागायला अजून कॉलेजची मुलं येतात. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने त्यांची पुस्तकं वाचकांपर्यंत आणली. कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' मात्र मी वेगळ्या कारणासाठी सुचवते. मराठी कादंबरीच्या वाटचालीवरचं ते समीक्षेचं पुस्तक आहे. त्यात उल्लेख आलेल्या कादंबऱ्यांची यादी वहीत काढा आणि एकेक शोधत जा. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या त्या माणसाचा हात धरून जुनी मराठी कादंबरी फिरता येते. चांगल्या समीक्षेचा असा उपयोग करायला हवा. तिच्यातली मतं पटोत न पटोत, नावं मिळतात. मराठवाड्याचा इतिहास हवा असेल तर अनंत भालेरावांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'पासून सुरुवात करा, त्यातूनही अशीच पुढची नावं निघतात.

दुर्मीळ जुनी पुस्तकं छापणारे म्हणून पुण्याच्या वरदा प्रकाशनाची यादी एकदा मागवून बघा. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाला विसरू नका. 1960 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या मंडळाने कोश, चरित्रं, अनुवाद, जुने ग्रंथ अशी भली मोठी संपदा उभी केली. किंमती इतक्या कमी, की लोकांना विश्वास बसत नाही. ती शासकीय ग्रंथागारात मिळतात आणि त्यांतली पुष्कळशी मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवूनही घेता येतात. मोबाईलवर जाड ग्रंथ वाचणं डोळ्यांना जड जातं, हे खरं. पण पुस्तक आपल्या कामाचं आहे का ते तिथे चाळून ठरवता येतं.

अगदी नवं शोधताना

नव्या पुस्तकाच्या पाठीशी काळ नसतो, त्यामुळे इथे दुसऱ्याच्या नजरेचा आधार घ्यावाच लागतो. 1964पासून निघणारं 'ललित' हे मासिक ग्रंथव्यवहारालाच वाहिलेलं आहे. नुसत्या जाहिराती वाचल्या तरी कोण काय काढतंय ते कळतं. 'साधना' साप्ताहिक, मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान', रविवारच्या पुरवण्या, सगळं वाचनालयाच्या टेबलावर असतं. परीक्षण वाचताना परीक्षकाने पुस्तकातलं काही उतरवून दिलंय का ते बघा. नुसती विशेषणं असतील तर पुढे चला. दिवाळी अंकांत येऊ घातलेल्या कादंबऱ्यांची प्रकरणं छापून येतात. आवडलं त्याचं नाव मागच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहून ठेवा, वर्षभरात पुस्तक येतं.

पुरस्कार उशिरा पोचतात, तरी त्यांचा धागा धरावा. आपल्या भागाचंच बघा. आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला 2016 साली साहित्य अकादमी, अनुराधा पाटील यांच्या 'कदाचित अजूनही'ला 2019 साली, सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप'ला 2024 साली. त्याच 2024 साली तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला अकादमीचा युवा पुरस्कार. सौदागर स्वतः शिवणकाम करणारे, आणि कादंबरीही शिंप्याची, तयार कपड्यांनी ज्याचा धंदा बसवला त्याची. आता ही 'पाचोळा'शेजारी ठेवून वाचा. तीही शिंप्याच्याच घराची गोष्ट, त्याच्या बायकोच्या तोंडून आलेली. दोन्हींमध्ये अर्धं शतक आहे. आमच्याकडे दोन्ही प्रती मी मुद्दाम एकत्र ठेवल्यात, आणि एक नेणारा दुसरी न्यायला येतोच. नवं पुस्तक निवडायची माझी आवडती रीत हीच. जुनं कोणतं आवडलं ते धरायचं आणि त्याच मातीतलं, त्याच कामधंद्यातलं, त्याच दुखण्यावरचं नवं कुणी लिहिलंय का ते शोधायचं.

साहित्य संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. तसा उल्लेख असलेली बारीक कवितासंग्रह-कथासंग्रहांची पुस्तकं उघडून बघत जा. सगळी चांगली निघतील असं नाही, पण एखाद्या लेखकाला त्याच्या पहिल्याच पुस्तकापासून ओळखण्याचा आनंद वेगळा.

जिल्ह्याचा ग्रंथोत्सव चुकवू नका. साहित्य संमेलनं तर आपल्याकडे आलीच, 2020 साली उस्मानाबादला, 2022 साली उदगीरला. गर्दी भाषणाच्या मंडपात असते तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर जा. पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. वही घेऊन सगळे गाळे फिरा, छोट्या प्रकाशकांपाशी जास्त थांबा. गाळ्यावर बसलेला माणूस बहुधा स्वतःच प्रकाशक असतो. त्याला विचारा, "तुम्ही काढलेल्यांत तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडलेलं कोणतं?" असा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. तो खाली वाकून गठ्ठ्यातून एखादं पुस्तक काढतो आणि त्याच्याबद्दल बोलायला लागतो. ते पुस्तक घ्या. बाकीची खरेदी शेवटच्या दिवशी करा, न विकलेली खोकी परत न्यायची नसतात म्हणून सवलत वाढते. संभाजीनगरच्या साकेतसारखे आपल्याकडचे प्रकाशक तिथे असतातच. त्यांची यादी मागून घ्या, ती फुकट मिळते.

वाचनालयाला कामाला लावा

शेवटचं आणि सगळ्यात उपयोगाचं. तुमच्या गावात सरकारमान्य सार्वजनिक वाचनालय असेल, 'अ' वर्गाचं असो की 'ड', तर त्याला अनुदान मिळतं आणि त्यातून दरवर्षी पुस्तकं घ्यावी लागतात. ती यादी करायला बसतो तेव्हा आमच्यापुढे विक्रेत्यांचे गठ्ठे असतात, वाचकांच्या चिठ्ठ्या नसतात. मग गठ्ठ्यातलंच येतं. हे बदलणं तुमच्या हातात आहे.

मागणी वही मागा. नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या, पण तोंडी सांगू नका, गर्दीत विसरतं. पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवादक, प्रकाशक, किंमत, जमल्यास आयएसबीएन. खाली तुमचा सभासद क्रमांक. दोन-तीन सभासदांनी एकच पुस्तक मागितलं तर खरेदी समितीत ते सहज मंजूर होतं, म्हणून आधी आपसात बोला. अनुदानाचा हप्ता आला की खरेदी होते, तो कधी येतो ते ग्रंथपालाला विचारून चिठ्ठी त्याआधी द्या. एका वेळी पाच-सहा नावं पुरेत. त्यात एक नवं, दोन अनुवाद, दोन पुन्हा छापलेली असू द्या.

जुनी, फाटलेली पुस्तकं वाचनालयं नियमाने निर्लेखित करतात, म्हणजे नोंदीतून काढून टाकतात. ती यादी होताना तिथे हजर राहता आलं तर राहा आणि बाजारात न मिळणारं काही त्यात चाललंय असं दिसलं तर ग्रंथपालाला थांबवा. आम्हालाही सगळं ठाऊक नसतं. परभणीचं गणेश वाचनालय निजामकाळापासूनचं आहे. अशा ठिकाणच्या जुन्या कपाटांत काय काय आहे हे तिथल्या जुन्या सभासदांइतकं कुणालाच माहीत नसतं.

स्वतः विकत घेणार असाल तर पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत काही पानं नमुन्याला वाचायला ठेवलेली असतात, ती आधी वाचा. टपालखर्च वाचवायला चार-पाच जणांनी मिळून एकदाच मागवा आणि प्रत्येकाने वेगळं पुस्तक घ्या, म्हणजे आपसात फिरवता येतं. आणि वाचनालयातून तुमच्या मागणीचं पुस्तक आलंय असा निरोप मिळाला तर दोन-तीन दिवसांत येऊन घेऊन जा आणि मुदतीत परत करा. त्याच पुस्तकासाठी मागे आणखी नावं लागलेली असतात.